वाळूत जाणाऱ्या गाडीचं ओंगण

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. सापाला नाही भीत, विंचवाला नाही भीत. तुरीत डुकरं घुसली तर काठी घेऊन मीच पुढं. पण मोठ्या मोटारीचा आवाज आला की अजून मी दाराआड होते. नातवंडं हसतात. म्हणतात, आजी, तू तर मोटारी दुरुस्त करणाऱ्याची बायको ना? हसा बापा, हसायला तुमचं काय जातं! त्या दोन गाड्या आमच्या खळ्यात येऊन उभ्या राहिल्या तेव्हापासून मी जे भ्याले, ते तुम्ही पाहिलं असतं तर हसला नसता.

गोष्ट दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरची. वऱ्हाड तेव्हा नागपूरच्या सरकारात होतं, गाडीच्या परवान्याचा कागदसुद्धा नागपूरहून यायचा. आमचं घर उंद्रीला, शेतीचं. शेती सासरे पाहायचे. आमचे हे मेहकरला एका मारवाडी शेठजींच्या कापसाच्या जिनात फिटर होते, बाजाराच्या दिवशी घरी यायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. म्हणजे एरवी घरात मी, सासरे आणि माझी लहानगी पोरगी, एवढीच माणसं.

सासऱ्यांशी मी बोलत नव्हते. भांडण नव्हतं हो, रीतच तशी होती. सुनेनं सासऱ्यापुढं पदर ओढून उभं राहायचं, तोंड उघडायचं नाही. त्यांना काही सांगायचं असलं की ते पोरीला सांगायचे, ‘तुह्या मायले म्हण, भाकर वाढ.’ पोरगी पाळण्यात होती तेव्हाही तिलाच सांगायचे, आणि ती व्हायच्या आधी भिंतीला. मी ताट ठेवून बांगड्या वाजवायची, म्हणजे वाढलं असं समजायचं. लग्नापासूनची सगळी वर्षं अशीच गेली होती, आणि खरं सांगते, त्यात मला काही कमी वाटत नव्हतं. म्हातारा भला होता.

तर शेठजींची आई. फार थकली होती ती. त्यांचं मूळ गाव मारवाडात, रेल्वे जिथं संपते तिथून पुढं नुसत्या वाळूत, आणि त्याच्याही पलीकडं त्यांच्या कुलदेवीचं ठाणं. म्हातारीनं हट्टच धरला की डोळे मिटायच्या आत देवीपुढं डोकं टेकवीन. उंटावर तिला बसवत नव्हतं. मग शेठजींनी लढाईतून उरलेल्या मालाच्या लिलावातून दोन लष्करी गाड्या घेतल्या. चालत्या नव्हे, ओढून आणाव्या लागल्या. त्या नीट करायच्या आणि वाळूतून न्यायच्या. हे काम कोणाला सांगावं? आमच्या ह्यांना. कारण हे लढाईत आफ्रिकेच्या वाळवंटात लष्करी गाड्याच दुरुस्त करत होते.

जिनात त्या दिवसांत कापसाचे डोंगर. तिथं ठोकाठोकी, वेल्डिंग करायचं म्हणजे एका ठिणगीत सगळं पेटायचं. म्हणून दसरा झाल्यावर गाड्या उंद्रीला आमच्या खळ्यात आल्या. सासऱ्यांनी मळणीची अर्धी जागा सोडून दिली. नवा बैल घेताना पाहतात तसे ते दोन्ही गाड्यांभोवती फिरले, चाकांवर थाप मारली, खाली वाकून पाहिलं आणि पोरीला म्हणाले, ‘पाय मजबूत हायेत.’

मी ओसरीच्या खांबाआडून पाहत होते. मला त्या गाड्यांचा रंगच आधी खुपला. हिरवा रंग वरवर फासलेला, आणि जिथं खरवडलं होतं तिथं खाली पिवळट. ह्यांनी तो पिवळा नखानं उकरून पाहिला. मग एका गाडीच्या दाराचा पत्रा उचकटला. आतून वाळू सांडायला लागली. बारीक, कोरडी, आपल्या नदीत असते तसली नव्हे. सांडतच राहिली. ह्यांनी तिच्याखाली ओंजळ धरली आणि किती तरी वेळ तसेच उभे राहिले.

‘तिथलीच हाय,’ एवढंच म्हणाले.

तिथं काय झालं होतं ते मला ठाऊक होतं. लढाईवरून आल्यावर ह्यांनी ते एकदाच सांगितलं, पुन्हा कधी विषय काढला नाही. ह्यांची गाडी वाळूत रुतून बंद पडली. सोबतीला एक पंजाबी शिपाई. पाणी संपलं. गाडीच्या इंजिनातलं गंजकं पाणीसुद्धा दोघांनी पिऊन टाकलं. दुसरी तुकडी पोचली तेव्हा हे शुद्धीवर नव्हते आणि तो पंजाबी गेलेला होता. तेव्हापासून ह्यांची एक सवय. घरात एक भांडं रिकामं दिसू द्यायचं नाही. घागर, हंडा, कळशी, तांब्या, सगळं काठोकाठ. बाजाराच्या दिवशी घरी आले की आधी विहिरीवर. मी ती भरलेली भांडी पाहिली की मला रडू यायचं, आणि हे समोर असले की मी काहीतरी खरकटं घासत बसायची.

आता पुन्हा तिकडंच? मी सरळ विचारलं. जेवताना, सासरे शेतात होते तेव्हा.

‘अजी, शेठजीले दुसरा कोनी भेटला नाही का?’

‘भेटला ना. दुसऱ्या गाडीवर जिनातला डायवर येऊन राह्यला. पण वाळूत गाडी कशी चालते ते त्याले मालूम नाई.’

‘अन तुमाले मालूम हाय म्हणून तुमी मरा!’

मला वाटलं चिडतील. चिडले नाहीत. भाकरीचा तुकडा हातातच राहिला. म्हणाले, ‘तिथून मले लोकायनं उचलून आनलं. मी माह्या पायानं आलो नाई. एकदा माह्या हातानं गाडी चालवत आत जाईन अन चालवत भायेर येईन. मंग झालं. मंग तू म्हनशील तिथं बसून राहीन.’

असं बोलल्यावर काय करावं बाईनं? मी भांडी आपटली. जरा जास्तच आपटली. मग उठून कामाला लागले, कारण भीती वाटते तेव्हा माझे हात रिकामे राहू शकत नाहीत.

ह्यांनी दोन्ही गाड्यांची इंजिनं उतरवली. गंजून बसलेले भाग रॉकेलात बुडवून ठेवले, घासले, जिथं एकीचं मोडलं होतं तिथं लोहाराकडून नवं घडवून घेतलं. इंजिनातल्या पाण्याची वाफ उडून जाऊ नये म्हणून बाजूला एक डबा बांधला आणि त्याला नळी लावली. वाफ डब्यात जाऊन गार व्हायची आणि तिचं पाणी परत आत यायचं. वाळूत चाकाखाली टाकायला लोखंडी पट्ट्या केल्या. मी कॅनव्हासच्या पाण्याच्या पिशव्या शिवल्या. दुहेरी दोऱ्यानं. पाणी भरून लिंबाला टांगायची आणि खाली पोरीला बसवायची. तिच्या अंगावर थेंब पडला की ती खिदळायची आणि मी ती पिशवी उसवून पुन्हा शिवायची. हे म्हणाले, ‘बस झालं वं, सुईनं चाळनी करतं का आता?’ मी ऐकलं नाही. त्या पिशव्यांवर माझ्या नवऱ्याचा जीव होता.

आणि सासरे? ते रोज संध्याकाळी बैल बांधून झाले की खळ्यात येऊन उकिडवे बसायचे. नुसते चाकांकडं पाहायचे.

ह्या चाकांचं प्रकरण आता सांगितलं पाहिजे. बंडीच्या चाकाला ओंगण द्यावं लागतं, हे आपल्याकडं कोणाला सांगायला नको. एरंडीच्या तेलात जळक्या चिंध्यांची काजळी कालवायची, बांबूच्या नळ्यात भरून बंडीखाली टांगायची, आणि निघायच्या आधी चाकाच्या मधात घालायची. नाही घातलं तर आस करकरते, तापते, चाक बसतं. सासऱ्यांच्या हातून आयुष्यात एकदाच ते द्यायचं राहून गेलं. नेमकं कधी? हे लढाईवर निघाले त्या दिवशी. बंडी जुंपून पोराला खामगावच्या टेशनवर पोचवायला गेले, आणि चाक सगळी वाट रडत गेलं. मी तेव्हा नवी नवरी. पोचवून आले ते बैल सोडून बंडीजवळच बसून राहिले. पुढं ह्यांची पत्रं यायची बंद झाली. मग सासरे रोज सकाळी उठून त्या बंडीला ओंगण द्यायला लागले. बंडी कुठं जायची नसली तरी. शेतात काम नसलं तरी. भिंतीला म्हणायचे, ‘म्या त्या दिसी दिलं नाई, म्हनून त्याची गाडी कोठी तरी अडकली.’ पुढं गाडी खरंच अडकली होती असं कळलं तेव्हा त्यांनी तीन दिवस अन्न घेतलं नाही.

पौष लागला. एक गाडी तयार झाली. आता वजन घालून, घाट उतरवून ती पाहायची होती. माझं माहेर जळगाव जामोदचं. हे म्हणाले, चल, घाटही होईल आणि तुझं माहेरही. मी नको नको म्हणत चढले. मागं पाण्याची पिंपं आणि मातीची पोती, पुढं हे, मी आणि मांडीवर पोरगी. सासरे खळ्याच्या तोंडाशी उभे होते. त्या दिवशी त्यांचा चेहरा मोठा समाधानी दिसला, हे मला नंतर आठवलं.

चिखली गेली, बुलढाणा गेलं. सपाट रस्त्यावर हे दोनतीनदा म्हणाले की ब्रेक आज जरा उशिरा धरतो. मला त्यातलं काय कळणार? मी देवाचं नाव घेत होते. बुलढाण्याखाली राजूरचा घाट सुरू झाला. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. तिसऱ्याच्या आधी ह्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी थांबायच्या ऐवजी पुढंच निघाली.

ह्यांनी पुन्हा दाबला. दोन्ही पायांनी उभं राहून दाबला. हाताचा ब्रेक ओढला. गाडी काही ऐकेना. ‘पोरीले घट धर,’ एवढं ते बोलले. आवाज ओरडल्याचा नव्हता आणि त्यानंच मला जास्त भ्यायला झालं. एका बाजूला दरी होती. मी तिकडं पाहिलं नाही. मी पोरीचं डोकं छातीत दाबून धरलं आणि माझ्याच्यानं ओरडवलंसुद्धा नाही. ह्यांनी गिअर खाली ओढला, इंजिन किंचाळलं, मग सुकाणू डोंगराकडं फिरवलं. गाडी कडेला घासत, दगड उडवत चालली. पत्रा फाटल्याचा आवाज आला. पुढं रस्त्याच्या कामाला गिट्टीचा ढीग घातलेला होता, त्यात पुढची चाकं शिरली आणि आम्ही थांबलो.

पोरगी रडत होती, म्हणजे जिवंत होती. मी तिचे हात, पाय, कान सगळं चाचपलं. हे उतरून चाकाशी बसले होते. चाकाच्या आत ब्रेकचा लोखंडी डबा असतो, त्याला आत पाहायला बोटभर भोक असतं. त्यातून काळं काहीतरी ओघळलं होतं. ह्यांनी त्यात बोट घातलं, वास घेतला, आणि बोट माझ्यासमोर धरलं.

मला वास घ्यायची गरजच नव्हती. एरंडी. त्यात कालवलेली काजळी माझ्याच जुन्या लुगड्याची होती, मीच ती चुलीपाशी जाळून दिली होती.

‘बाबानं चारी चाकायले देल्लं,’ हे म्हणाले. ‘आत घासते ते ऐकू येत असंन त्याह्यले. कोरडं वाटलं असंन.’

आता ज्याला मोटार ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगते. बंडीच्या चाकात तेल पाहिजे. पण ब्रेक हा घासूनच गाडी धरतो. तिथं तेल गेलं की संपलं. म्हाताऱ्यानं आपल्या मायेनं आम्हा तिघांना मारायची तयारी करून ठेवली होती.

माझा भडका उडाला. ‘घरी गेल्यावर सांगा त्याह्यले! आज पोट्टी मेली असती!’

‘नाई सांगत,’ हे म्हणाले.

‘काऊन नाही सांगत?’

‘एकदा देल्लं नाई तं पोरगा अडकला. आता देल्लं तं पोरगा अन नात मरत व्हती. हे आयकून म्हातारा जगन का?’ ते चाकाशी बसूनच बोलत होते. ‘तू बी सांगू नको.’

मी कशी सांगणार होते? मी तर बोलतच नव्हते.

ह्यांनी तिथंच चाकं खोलली, पेट्रोलनं धुतली, आतलं सगळं घासून कोरडं केलं. माहेरी दोन दिवस राहून पुन्हा सगळं तपासलं आणि त्या भोकांना लाकडाची बुचं करून ठोकली. घाट चढून आम्ही परत आलो. मी बुलढाण्यापर्यंत डोळे मिटून होते.

सासरे वाटेतच उभे. गाडीचा चेपलेला पत्रा त्यांनी पाहिला, ह्यांनी गिट्टीवर घसरली असं सांगितलं. मग ते मागच्या चाकाजवळ गेले, त्याच्यावर हात ठेवला आणि विचारलं, ‘चाक हलकं चाललं ना?’

‘हाव बाबा,’ हे म्हणाले. ‘लय हलकं चाललं.’

म्हातारा इतका खुलला की मला पाहवेना. मी पोरीला घेऊन आत गेले. पण आत जाऊन बसल्यावर माझ्या ध्यानात आलं की आता तर ह्यांनी त्यांना शाबासकीच दिली. आता म्हातारा निघायच्या दिवशी पुन्हा देणार. ह्यांना तसं म्हटलं, तर म्हणाले, बुचं पक्की आहेत, काळजी करू नको. काळजी करू नको म्हणे! त्या दिवसापासून सासरे खळ्याकडं निघाले की मी काहीतरी निमित्तानं बाहेर. गोवऱ्या थापायच्या, धान्य वाळत घालायचं. एकच गोष्ट डोळ्यांपुढं, ते तिसरं वळण. आणि आता गाडीत शेठजींची म्हातारी आई बसणार होती, आणि चालवणारा माझा नवरा.

संक्रांत झाली आणि निघायचा दिवस उजाडला. घाट उतरून मलकापूरला गाड्या आगगाडीच्या डब्यावर चढवायच्या आणि तिथून मारवाड, असं ठरलं होतं. सगळं गाव खळ्यात. म्हातारीला गादीवर लोडाला टेकवून बसवलं. पाण्याच्या पिशव्या दोन्ही बाजूंना टांगलेल्या, माझ्या हातच्या. भटजींनी नारळ फोडला. बाया ह्यांना ओवाळत होत्या, शेठजी गळ्यात हार घालत होते, इंजिनं सुरू झाली होती आणि त्या आवाजात कोणाचं कोणाला ऐकू जात नव्हतं.

मी सासऱ्यांना शोधलं. ते माणसांत नव्हते.

ते मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते. बाजूला बांबूचा नळा. एका हातात ह्यांनी ठोकलेलं लाकडाचं बूच होतं, उपटून काढलेलं.

ह्यांना हाक मारावी तर ते पुढं, गर्दीत. आणि हाक मारली असती तर सगळ्या गावासमोर म्हाताऱ्याचं पाप बाहेर पडलं असतं, ज्याला तो पुण्य समजत होता. म्हातारा नळा उचलत होता. मी पोरीला शेजारणीच्या कडेवर टाकलं आणि धावले. पदर पडला, पडला तर पडला. जवळ गेले आणि तोंडातून शब्द फुटेना. इतक्या वर्षांत तो रस्ता कधी वापरलाच नव्हता.

‘मामाजी,’ मी म्हटलं.

सासऱ्यांनी आधी मागं पाहिलं. कोणी दुसरीच बाई बोलली असं त्यांना वाटलं. मग माझ्याकडं पाहिलं. नळा हातात तसाच.

‘द्या इकडं. मी देईन ओंगण.’

आजूबाजूच्या दोन बाया तोंडाला पदर लावून पाहायला लागल्या. सासऱ्यांनी नळा माझ्या हातात दिला, बूचही दिलं. मग हळूच म्हणाले, थेट मला, पोरीला नाही, ‘मधात घालजो बाई. वरतं नाई. मधात.’

मी मान हलवली आणि चाकाशी बसले. पाठ त्यांच्याकडं केली. हात असे कापत होते की बूच भोकात बसेना. ते बसवलं, तळव्यानं दाबलं, दगडानं ठोकलं. मग ओंगण काढून चाकाच्या बाहेरच्या लोखंडी झाकणाला, नटांना, जिथं काही बिघडत नाही तिथं फासलं. भरपूर फासलं, दिसेल असं. दुसऱ्या चाकाकडं गेले, तिसऱ्या, चौथ्या. सासरे माझ्या मागं मागं. दुसऱ्या गाडीलाही तसंच. प्रत्येक चाकाशी मला वाटायचं, आता म्हणतील, अगं मधात घाल.

‘झालं?’ त्यांनी विचारलं.

‘झालं,’ मी म्हटलं आणि नळा त्यांना परत दिला.

‘मंग निघू दे आता त्याह्यले,’ ते म्हणाले.

तेवढ्यात हे चाकं पाहायला मागं आले. माझे कोपरापर्यंत काळे हात पाहिले, बापाच्या हातातला नळा पाहिला, बुचांवरून एक एक करून बोट फिरवलं. माझ्या हातावरचं काळं बोटावर घेतलं आणि पोरीच्या गालावर तीट लावली. ‘येतो,’ म्हणाले. गाड्या गेल्या.

त्यानंतर ते दिवस मी कसे काढले ते माझं मला. पहिले दोन दिवस घाटाची भीती. मलकापूरहून निरोप आला, तेव्हा घाटाची संपली आणि वाळूची सुरू झाली. विहिरीवर गेले की दोरीला हात लावताना भीती. पाणी पिताना भीती, कारण मी पिते आहे आणि ते? मग मीही घरातलं एकेक भांडं भरून ठेवायला लागले, आणि मला समजलं हे तसं का करतात. सासरे आता मला काही काही थेट सांगायचे. भाकर दे, दोर दे. दोनच शब्द, पण मला. मी हूं म्हणायची.

होळीच्या आधी एका दुपारी लांबून भोंगा ऐकू आला. मी हातातलं पीठ तसंच टाकून धावले. गाडी हे चालवत होते. काळे पडलेले, ओठ फुटलेले, पण स्वतःच्या हातानं चालवत आलेले. म्हातारीनं देवीपुढं डोकं टेकवलं होतं. मी चाकाला टेकून खाली बसले आणि गाय हंबरते तशी रडले. सासऱ्यांनी गावात सगळ्यांना सांगितलं की सुनेनं असं ओंगण दिलं की गाडी वाळूतसुद्धा अडकली नाही.

त्याला बरीच वर्षं झाली आणि सासरे खाटेला लागले. हे बाहेर वैद्याकडं गेले होते. मी सासऱ्यांना पेज भरवत होते. दोन चमचे घेऊन ते थांबले.

‘पोरी,’ म्हणाले. ‘त्या दिसी तू ओंगन वरतंच फासलं. मधात नाई घातलं.’

मी चमचा वाटीत ठेवला.

‘म्या मांगंच उभा व्हतो ना. दिसत व्हतं मले.’

‘मग बोलले काऊन नाही, मामाजी?’

‘तू माह्याशी पह्यल्यांदा बोलली व्हती. अन तुहे हात लय कापत व्हते.’ ते दम घ्यायला थांबले. ‘म्हटलं, हिले काही तरी मालूम हाय. म्हनून मंग म्या मोटारीच्या चाकाले कधी हात नाई लावला. पन इचारीन इचारीन म्हनत राहून गेलं. पोट्टीले घेऊन तुमी घाटात गेल्ते तवा काही झालं व्हतं का?’

ते माझ्याकडं टक लावून पाहत होते. घाटात ब्रेक लागेना तेव्हा भ्याले होते, चाकाशी बूच बसत नव्हतं तेव्हा भ्याले होते. पण त्या म्हाताऱ्या डोळ्यांना मी जशी भ्याले तशी कधीच नाही. खोटं बोलले तर ते ओळखतील असं वाटलं. खरं बोलले तर ह्यांनी इतकी वर्षं जे सांभाळलं ते माझ्या हातून फुटणार होतं.

‘नाही मामाजी,’ मी म्हटलं. ‘चाकं लय हलकी चालली.’

त्यांनी नजर चमच्याकडं वळवली. मग म्हणाले, ‘हाव का,’ आणि तोंड उघडलं. मी त्यांना उरलेली पेज भरवली.